लिनक्सवर टचपॅड कधी सापडतो, कधी सापडत नाही: माझ्या लॅपटॉपचा निकाल आणि मिठाची बरणी

तक्रार एका ओळीत सांगायची तर अशी: लॅपटॉप सुरू केला की कधी टचपॅड व्यवस्थित चालायचा, कधी तो यंत्रात आहे याचाच लिनक्सला पत्ता नसायचा. बाण पडद्याच्या मधोमध ठाण मांडून बसलेला. रीस्टार्ट केलं की कधी जिवंत, कधी तसाच. जानेवारीपासून श्रावणापर्यंत मी या मागे होतो. शेवटी कळलं की ही एक अडचण नव्हतीच. तीन वेगवेगळ्या अडचणी एकाच तोंडवळ्याने येत होत्या, आणि एकीवर इलाज केला की दुसरी येऊन इलाज खोटा पाडत होती. तुमच्याकडे तिन्ही असतील असं नाही, पण त्या एकमेकींपासून वेगळ्या कशा काढायच्या ते इथे लिहितो.

आधी थोडं माझ्या ठिकाणाबद्दल, कारण पुढे त्याचा संबंध येतो. आचऱ्याच्या अलीकडे घर, समुद्राची गाज घरात ऐकू येते. लॅपटॉप जुना, दुसऱ्या हाताचा. त्यावर उबंटू घराण्यातलं एक लिनक्स आणि आंब्याच्या हिशोबाच्या एका जुन्या प्रोग्रामसाठी ठेवलेलं विंडोज. सकाळी मी बिलं करतो, दुपारी पुतणी अभ्यासाला बसते.

आज्ञा मी फोनवर सांगतो तशाच देवनागरीत लिहिल्या आहेत. टाईप करताना रोमन लिपीतली लहान अक्षरं वापरायची. मॉड्यूलच्या, म्हणजे लिनक्सला जोडता-काढता येणाऱ्या ड्रायव्हरच्या, नावात मी जिथे आडवी रेघ दिली आहे तिथे खाली पडलेली रेघ, म्हणजे अंडरस्कोर टाकायचा. ‘आय-२-सी’मधला दोन हा आकडाच आहे, आणि या तीन अक्षरांच्या मध्ये रेघ नाही, ती सलग लिहायची.

हाताशी यूएसबी माऊस ठेवा, पण चार्जरसारखा कायमचा खुपसून ठेवू नका

ही सूचना हसण्यावारी नेऊ नका. मार्चमध्ये एकदा पुतणीने हाक मारली, “काकानू, बाण हलणा नाय!” मी टर्मिनल उघडून तासभर नोंदी चाळल्या. टचपॅड यादीत होता, ड्रायव्हर होता, सगळं ठणठणीत. मग लक्षात आलं की बिनतारी माऊसचा नखाएवढा रिसीव्हर मागच्या पोर्टात राहिलाय आणि माऊस शेजारच्यांकडे गेलाय. सेटिंगमध्ये ‘बाहेरचा माऊस जोडला की टचपॅड बंद’ हा पर्याय कधीतरी मीच चालू केला होता. संगणकाच्या दृष्टीने माऊस जोडलेलाच होता.

म्हणून पहिला प्रश्न हा: टचपॅड खरंच सापडत नाही, की सापडूनही गप्प आहे? टर्मिनल कंट्रोल-ऑल्ट-टी ने उघडतं, त्याला माऊस लागत नाही. तिथे ‘कॅट’ लिहून पुढे प्रॉक, बस, इनपुट, डिव्हायसेस असा मार्ग द्या, प्रत्येक शब्दाच्या आधी तिरकी रेघ. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, दिसणाऱ्या सगळ्या इनपुट उपकरणांची यादी येते: कीबोर्ड, झाकणाचं बटण, आवाजाची बटणं, कॅमेरा. त्यात टचपॅड हा शब्द किंवा सिनॅप्टिक्स, एलॅन असं काही नाव दिसतंय का बघा.

नाव असेल तर कर्नलने आपलं काम केलंय. दोष वरच्या मजल्यावर आहे: डेस्कटॉपची सेटिंग, एफएन बरोबर दाबायची टचपॅड बंद-चालूची कळ, किंवा बोटाच्या हालचाली डेस्कटॉपपर्यंत पोचवणारं लिबइनपुट. ‘सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’ चालवून बोट फिरवा (सुडो म्हणजे प्रशासकाच्या हक्काने). ओळी धावायला लागल्या तर दोष डेस्कटॉपच्या सेटिंगमध्येच. (ही आज्ञा नसेल तर लिबइनपुट-टूल्स हे पॅकेज टाका.) अशा लोकांना हा लेख पुढे वाचायची गरज नाही. रिसीव्हर काढा आणि कामाला लागा.

नावच नसेल तर पुढे वाचा.

वही

नेटवर शोधलं की चाळीस उपाय सापडतात. कोणी कर्नल बदला म्हणतो, कोणी बूटच्या ओळीत, म्हणजे सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत, अमुक शब्द घाला म्हणतो. मी दोन महिने तेच केलं. उपाय करायचा, रीस्टार्ट करायचं, टचपॅड चालला की आनंद, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. जी अडचण आपणहून अर्धा वेळ बरी होते, तिच्यावरचा कुठलाही उपाय अर्धा वेळ लागू पडल्यासारखा दिसतो. आमच्याकडे काविळीवर झाडपाल्याचं औषध देणाऱ्यांची ख्याती अशीच वाढते.

मग शंभर पानी वही घेतली. दर वेळी सुरू करताना चार गोष्टी लिहायच्या: आधी कोणती प्रणाली चालू होती, ती बंद केली होती की रीस्टार्ट, चार्जर लावलेला होता का, आणि टचपॅड सापडला का. तीन आठवडे काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. हे सर्वात अवघड गेलं, कारण हात शिवशिवतो. पाचवा रकाना आईने सुचवला, तो पुढे सांगतो.

तीन आठवड्यांनी पानं उलटली तेव्हा पहिली गोष्ट अगदी ढळढळीत दिसली. आदल्या रात्री विंडोज ‘शट डाउन’ करून ठेवलं असेल, तर सकाळी लिनक्समध्ये टचपॅड जवळजवळ कधीच नाही. पण विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ करून लिनक्समध्ये आलो तर असायचा. मला वाटायचं रात्रभर पूर्ण बंद असलेलं यंत्र ताजंतवानं असणार. इथे उलटं होतं.

पहिलं कारण: विंडोज बंद होतच नाही

विंडोज ८ पासून त्यात ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे आणि ती बहुतेक ठिकाणी आधीपासून चालू असते. शट डाउन म्हटलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथूनच उठता येतं. ही खरी बंद अवस्था नव्हे, अर्धी झोप आहे. रीस्टार्ट म्हटलं की मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. माझा टचपॅड विंडोजने झोपवला की विंडोजच्याच हाकेला उठायचा. मध्ये लिनक्सने हाक मारली तर ओ देत नव्हता.

उपाय सोपा. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे ‘पॉवर बटण काय करतं ते निवडा’ अशा अर्थाचा दुवा, आणि आत फास्ट स्टार्टअपच्या चौकटीतली खूण काढायची. चौकट फिकट असेल तर वर प्रशासकाच्या परवानगीचा दुवा असतो, तो आधी दाबा. एखाद्या वेळेपुरतं करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, तेव्हा पूर्ण बंद होतं. मोठ्या अपडेटनंतर ती खूण परत आलीय का, एवढं बघत जा. ही सोय बंद करण्याला आणखी एक कारण आहे: ती चालू असताना विंडोजचं विभाजन लिनक्समधून लिहिण्यासाठी उघडणं धोक्याचं असतं, फायली खराब होऊ शकतात.

आणि टचपॅड अडकूनच पडला असेल तर: पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, सोडा, मग सुरू करा. उरलीसुरली वीज निघून जाते. हा मंत्र नाही, पण अर्धवट झोपलेल्या चिपला उठवायला पुष्कळदा पुरतो.

एवढं करून मी ‘सुटलं’ असं जाहीर केलं. चार दिवसांनी विंडोजला हातही न लावता टचपॅड गायब.

टचपॅड कुठल्या वाटेने बोलतो

इथे थोडं आत शिरावं लागतं. लॅपटॉपमधला टचपॅड मुख्यतः दोन वाटांपैकी एकीने जोडलेला असतो. जुनी वाट पीएस/२, आयबीएमने १९८७ मध्ये आणलेली, त्या काळच्या गोल पिनेच्या माऊसची. नवी वाट आय-२-सी, मूळ फिलिप्सची, १९८२ ची. म्हणजे ‘नवी’ खरं तर वयाने मोठी, पण टचपॅडसाठी ती रूढ झाली मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या सुमारास तिच्यावरून माऊस-कीबोर्डची भाषा बोलण्याचे नियम ठरवल्यावर. लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर, आय-२-सी-हिड, कर्नल ३.८ मध्ये, २०१३ साली आला.

तुमचा कुठला ते नोंदीतून कळतं. ज्या वेळी टचपॅड चाललाय त्या वेळी वरचीच यादी काढा. टचपॅडच्या नोंदीत ‘फिज’ किंवा ‘सिसएफएस’ने सुरू होणाऱ्या ओळीत आय-२-सी दिसलं तर नवी वाट, सेरिओ किंवा आयसा हे शब्द दिसले तर पीएस/२.

पीएस/२ वाल्यांसाठी थोडक्यात. त्यांचा ड्रायव्हर पीएसमाऊस. सुडो मॉडप्रोब, मग वजा आर, मग पीएसमाऊस असं लिहून तो काढायचा आणि वजा आर गाळून पुन्हा भरायचा. त्याने टचपॅड परत आला तर हार्डवेअर शाबूत आहे. कायमच्या उपायासाठी बूटच्या ओळीत ‘आय८०४२.नोमक्स=१’ किंवा ‘आय८०४२.रीसेट’ घालून बघतात. सिनॅप्टिक्सचा असेल तर ‘पीएसमाऊस.सिनॅप्टिक्स-इंटरटच’ आधी ० आणि मग १ देऊन बघावं. एका वेळी एकच, आणि वहीत नोंद करून. यातले तीन-चार एकदम घालून ‘झालं’ म्हणणाऱ्याला पुढच्या कर्नलला काय काढावं हेच कळत नाही.

माझा आय-२-सी वाला. ही वाट अनेक खात्यांच्या सह्या लागणाऱ्या अर्जासारखी आहे. आधी आय-२-सी चा नियंत्रक जागा व्हावा लागतो. इंटेलच्या यंत्रात त्यासाठी इंटेल-एलपीएसएस आणि डिझाइनवेअर या नावांचे ड्रायव्हर असतात. मग पिना सांभाळणारा पिनकंट्रोल (टाईप करताना ‘पिन’ला लागूनच सी-टी-आर-एल), कारण ‘बोट लागलं हो’ हा टचपॅडचा इशारा एका पिनेवरून येतो. आणि शेवटी आय-२-सी-हिड-एसीपीआय, जो प्रत्यक्ष टचपॅडशी बोलतो. हे सगळे एकाच वेळी, घाईघाईत उठत असतात. खालचा तयार नसेल तर वरच्याने थांबावं अशी व्यवस्था कर्नलमध्ये आहे, आणि बहुतेक वेळा ती चालते. पण काही यंत्रांच्या बायोसमध्ये कोण कोणावर अवलंबून आहे हे नीट लिहिलेलं नसतं. मग ज्या दिवशी पिनकंट्रोल आधी उठला त्या दिवशी टचपॅड आहे, ज्या दिवशी उशिरा उठला त्या दिवशी नाही.

दुसरं कारण: कोण आधी उठला

हे नुसतं वाचून ठरवू नका, नोंदीत बघा. ‘जर्नल’ला लागूनच सी-टी-एल अशी आज्ञा आहे. तिच्यापुढे वजा के म्हणजे फक्त कर्नलच्या नोंदी, वजा बी म्हणजे आत्ताचं बूट, वजा बी वजा १ म्हणजे त्याच्या आधीचं. (आधीचं बूट नाही असं उत्तर आलं तर व्हार, लॉग, जर्नल या मार्गावर फोल्डर नसेल, ते बनवून एकदा रीस्टार्ट करा.) सर्वात कामाचं म्हणजे वजा ओ शॉर्ट-मोनोटॉनिक. त्याने प्रत्येक ओळीपुढे घड्याळाची वेळ न येता यंत्र सुरू झाल्यापासूनचे सेकंद येतात. चाललेल्या बूटची एक फाईल, न चाललेल्याची दुसरी, आणि दोन्हींत आय-२-सी, हिड आणि पिनकंट्रोल या शब्दांच्या ओळी ग्रेपने गाळून शेजारी शेजारी ठेवायच्या.

माझ्या चांगल्या फाईलमध्ये पिनकंट्रोलची ओळ आधी आणि टचपॅडची नंतर. वाईट फाईलमध्ये टचपॅडच्या ड्रायव्हरने आधीच दार ठोठावलं, उत्तर आलं नाही, ‘एरर’ची एक ओळ लिहिली आणि तो निघून गेला. दोघांतलं अंतर सेकंदाच्याही अगदी छोट्या भागाचं. चार दिवसांची चारही वाईट बूटं काढून बघितली, चारहींत हाच क्रम. पहिल्यांदाच मला अंदाजाऐवजी कागद हातात मिळाला.

ओळीतला शेवटचा वजा आकडा सोडू नका, तो फार बोलका असतो. वजा ११० म्हणजे वाट बघून वेळ संपली. वजा १२१ म्हणजे पलीकडच्या टोकाने हाक घेतलीच नाही. वजा ६ म्हणजे त्या पत्त्यावर असं उपकरणच नाही. या टप्प्यावर मला ११० दिसत होता. १२१ पुढे भेटला.

लगेचचा इलाज: सुडो मॉडप्रोब वजा आर आय-२-सी-हिड-एसीपीआय, आणि मग तेच वजा आर शिवाय. तोवर बाकीचे सगळे उठलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या खेपेला टचपॅड लगेच सापडतो. असं होत असेल तर दोष क्रमाचाच आहे याची ही जवळजवळ खात्री. यानेही सापडला नाही, तर पुढचा मिठाचा भाग आधी वाचा.

कायमचा इलाज दोन प्रकारे होतो. उबंटू, मिंट, डेबियनवर ईटीसी फोल्डरमधल्या इनिटरॅमएफएस-टूल्समध्ये ‘मॉड्यूल्स’ नावाची फाईल असते (इनिटरॅमएफएस म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नल सर्वात आधी उघडतो तो ड्रायव्हरांचा गठ्ठा). तिच्यात एकेका ओळीवर आधी पिनकंट्रोलचा ड्रायव्हर, मग इंटेल-एलपीएसएस-पीसीआय, मग आय-२-सी-डिझाइनवेअर-प्लॅटफॉर्म, आणि शेवटी आय-२-सी-हिड-एसीपीआय लिहायचं. नंतर सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस वजा यू. पिनकंट्रोलपुढचं नाव प्रत्येक प्रोसेसरच्या पिढीचं वेगळं असतं (टायगरलेक, कॅननलेक वगैरे), ते एलएसमॉड, मग उभी रेघ, मग ग्रेप पिनकंट्रोल असं करून बघा. तिथे काहीच आलं नाही तर तो कर्नलमध्येच बांधलेला असू शकतो, मग ती ओळ गाळा. एएमडीच्या यंत्रात पुष्कळदा तसंच असतं, आणि एलपीएसएसची ओळही तिथे लागत नाही.

दुसरा प्रकार मला जास्त आवडला, कारण तो एका ओळीचा आहे आणि उद्या नको झाला तर फाईल पुसली की संपलं. ईटीसीमधल्या मॉडप्रोब.डी या फोल्डरमध्ये टचपॅड.कॉन्फ अशी फाईल बनवायची आणि आत लिहायचं: सॉफ्टडेप, जागा सोडून आय-२-सी-हिड-एसीपीआय, जागा सोडून प्री आणि त्याला लागून कोलन (:), जागा सोडून पिनकंट्रोलच्या ड्रायव्हरचं नाव. म्हणजे ‘याच्या आधी त्याला उठव’. त्यानंतरही इनिटरॅमएफएस ताजी करायचीच. अर्थात पिनकंट्रोल वेगळं मॉड्यूल असेल तरच या ओळीला अर्थ आहे. नाव टाईप करताना एक अक्षर चुकलं तर लिनक्स तक्रार करत नाही, ओळ गुपचूप दुर्लक्षित होते. माझी एक अख्खी संध्याकाळ अंडरस्कोरऐवजी पूर्णविराम पडल्यामुळे गेली.

हे एप्रिलच्या शेवटी झालं. पूर्ण मे महिना, आंब्याची सगळी घाई, शेवटची पेटी जाईपर्यंत एकदाही टचपॅड चुकला नाही. वही मी बंद करून फडताळात टाकली.

मृग लागला

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला आणि टचपॅड पुन्हा गेला. या वेळचं जाणं वेगळं होतं. सुरू होताना असायचा, तासाभराने मध्येच मरायचा. मॉडप्रोबचा इलाज कधी चालायचा, कधी नाही. नोंदीत आता ११० नव्हता, १२१ ची रांग लागलेली. कर्नल अपडेट झालं होतं, म्हणून पहिला संशय त्याच्यावर घेतला. जुनं कर्नल निवडून बूट केलं, तरी तेच. पेनड्राइव्हवरून दुसरंच लिनक्स चालवलं, तरी तेच. ही पेनड्राइव्हची चाचणी मी आधीच करायला हवी होती. स्वच्छ, वेगळ्या प्रणालीतही तसंच होत असेल तर आपल्या डिस्कवरच्या फायलींना दोष देत बसण्यात अर्थ नसतो.

वही पुन्हा काढली तेव्हा आई चुलीजवळून म्हणाली, “मिठाक पाणी सुटला काय तुझो पॅड चलाचो नाय. माका ठाऊक आसा.” मी हसलो. पण पाचवा रकाना आखला: बरणीतलं मीठ कोरडं की ओलं. दोन आठवडे तिलाच विचारून भरला. मीठ ओलं त्या दिवशी टचपॅड दुपारपर्यंत टिकत नव्हता. मध्ये दोन दिवस ऊन पडलं, मीठ सुटं झालं, टचपॅडही दिवसभर चालला.

यात जादू काही नाही. मिठाला पाणी सुटतं ते हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की. किनाऱ्यावर पावसाळ्यात ती दिवसचे दिवस त्याच्या वर असते. आणि समुद्राच्या वाऱ्यावर येणारं मीठ फक्त खिडकीच्या गजांवर बसत नाही, लॅपटॉपच्या पंख्यातून आतही जातं. कोरड्या दिवसांत ती नुसती धूळ. पाणी सुटलं की ती वीज वाहून नेणारी पातळ साय होते. आय-२-सी च्या दोन्ही तारा, एक माहितीची आणि एक ठोक्याची, एका रोधामार्फत वर ओढून धरलेल्या असतात आणि उपकरणं त्यांना खाली ओढून बोलतात. तारांच्या टोकांवर ओलसर मीठ बसलं की कोणी न बोलताही त्या थोड्या खाली ओढल्या जातात. शिवाय तांब्याची टोकं गंजत जातात, स्पर्श कच्चा होतो. मग पलीकडे हाक पोचत नाही.

उघडून बघितलं. बॅटरीची जोडणी सर्वात आधी काढायची, हे विसरलात तर बाकी सगळं शिकणं महागात पडेल. टचपॅडपासून बोर्डाकडे एक चपटी पांढरी पट्टी जाते. तिच्या टोकाला बोर्डावर नखाएवढा खटका असतो. तो वर उचलायचा, ओढायचा नाही. माझ्या पट्टीच्या टोकावर पांढरट बुरशीसारखा थर होता आणि दोन पट्ट्या हिरवट पडल्या होत्या. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने लावून दोन्ही बाजू पुसल्या, पंधरा-वीस मिनिटं वाळू दिल्या, पट्टी सरळ बसवून खटका दाबला. खोडरबराने घासायचा सल्ला पुष्कळ जण देतात. इतक्या बारीक पट्टीवर मी तो करणार नाही, वरचा मुलामा निघतो. सॅनिटायझर तर नकोच, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

बंद करण्याआधी बॅटरीकडे नजर टाका. ती फुगली असेल तर खालून टचपॅडला रेटते, तेव्हाही तो अधूनमधून मरतो, आणि तेव्हा प्रश्न टचपॅडचा उरत नाही. अशी बॅटरी वापरणं लगेच थांबवा, आणि टोचायच्या भानगडीत पडू नका.

उघडायची सवय नसेल तर जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या, पण ‘टचपॅड बदला’ म्हणू नका, ‘पट्टीची टोकं साफ करून बसवा’ म्हणा. मला एका दुकानात आख्खा टचपॅड बदलण्याचा भाव सांगितला होता.

आता लॅपटॉप रात्री झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झोपतो. पुड्या महिन्याने तव्यावर मंद आचेवर फिरवून घेतो. रंग बदलणारे दाणे मिळाले तर ते बरे, कधी तापवायचे ते कळतं. तांदळात ठेवू नका, उकडा असो की सुरय. तांदूळ किती ओल शोषतो तो वेगळा प्रश्न, पण त्याची पीठ-भुकटी पंख्यात जाते आणि मागोमाग मुंग्या येतात.

ज्याचा संबंध वाटतो पण नसतो

चार्जर लावला की बाण नाचतो, आपणहून क्लिक होतात, धातूच्या कडेला हात लावला तर झिणझिण्या येतात, हा आमच्या भागातला सर्रास अनुभव. ती वेगळी गोष्ट आहे. टचपॅड सापडलेला असतो, फक्त त्याला बोट कोणतं आणि विजेचा गोंधळ कोणता हे कळत नाही. चार्जर काढून बघा, नाच थांबला तर अर्थिंग तपासा. जांभ्याच्या कातळावरच्या घरात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा जोड लावून अर्थ तोडणं, हेही आमच्याकडे फार.

झोपेतून उठल्यावर

एक शेपूट अजून उरलं आहे. झाकण मिटून उघडल्यावर क्वचित टचपॅड उठत नाही. त्यासाठी यूएसआर, लिब, सिस्टमडी, सिस्टम-स्लीप या मार्गावरच्या फोल्डरमध्ये पाच ओळींची स्क्रिप्ट ठेवली आहे. झोपेआधी तिला प्री हा शब्द मिळतो, उठल्यावर पोस्ट. पोस्ट मिळाला की ती ड्रायव्हर काढते, एक सेकंद थांबते आणि पुन्हा भरते. फाईलला चालवण्याची परवानगी द्यायला विसरू नका. हा इलाज नाही, ठिगळ आहे, हे मला मान्य आहे. खरं कारण नोंदीत पकडायला अजून पुरेशी वाईट उदाहरणं मिळालेली नाहीत, कारण ठिगळ चांगलं चाललंय.

हे सगळं करूनही तुमचा टचपॅड लपंडाव खेळत असेल आणि मदत मागायची असेल, तर ‘टचपॅड चालत नाही’ एवढंच लिहू नका. लॅपटॉपचं मॉडेल, यूनेम वजा आर चं उत्तर (म्हणजे कर्नलची आवृत्ती), एका चांगल्या आणि एका वाईट बूटच्या सेकंदांसह नोंदी, पेनड्राइव्हवर काय झालं, आणि वहीतली निदान दहा बूटं. किनाऱ्यावर राहत असाल तर मिठाचा रकानाही भरा.